श्वान-परवाना बिल्ला (मिशिगन)

श्वान-परवाना बिल्ला हा अमेरिकेच्या मिशिगन राज्यात परवानाधारक कुत्र्याच्या गळपट्ट्याला लावला जाणारा ओळखबिल्ला आहे. परवान्यासाठी रेबीज-प्रतिबंधक लसीकरणाचा पुरावा आवश्यक असतो. १९१९ च्या श्वान कायद्यानुसार मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी वगळता इतर कोणीही हा बिल्ला काढणे गुन्हा आहे. दोषी व्यक्तीस १० ते १०० डॉलर दंड, ३ महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कुत्रा हरवल्यास बिल्ल्याचे महत्त्व स्पष्ट होते. मालकीची खूण नसलेला कुत्रा प्राणी-निवारागृहाने ४ दिवस सांभाळणे बंधनकारक असते. गळपट्टा किंवा परवाना आढळल्यास मालकास लेखी सूचना पाठवून पुढे ७ दिवस थांबावे लागते. मुदतीनंतर कुत्रा दुसऱ्यास देता येतो किंवा त्यास दयामरण देता येते. त्यामुळे बिल्ला काढला गेल्यास मालकास सूचना मिळण्याची आणि कुत्रा परत मिळण्याची शक्यता घटते.