भावंडं नव्हेत, तरी सारखी

मूल आईवडिलांसारखं दिसलं तर आपल्याला नवल वाटत नाही. पण कसलंही नातं नसलेली मुलं स्वतःच्या भावंडांपेक्षा एकमेकांसारखीच जास्त दिसली तर? सोटोस सिंड्रोम या दुर्मीळ अवस्थेत असंच घडतं. १९६४ साली डॉ. हुआन सोटोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत अशा पाच मुलांचं वर्णन केलं. सुमारे १४,००० जन्मांमागे एका मुलात ही अवस्था आढळते.

या मुलांचं डोकं मोठं, कपाळ रुंद, कपाळाच्या दोन्ही कडांना केस विरळ, चेहरा लांबट आणि हनुवटी निमुळती असते. उंची वयाच्या मानाने बरीच जास्त असते. हाताच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचं वय काढलं, तर तेही बहुतेकांमध्ये खऱ्या वयाच्या पुढे असतं. मात्र लहानपणी स्नायू सैल असतात. त्यामुळे चालणं उशिरा येतं आणि बोलणंही मागे राहतं.

इतकी वेगवेगळी लक्षणं एकत्र कशी येतात? याचं उत्तर २००२ साली जपानी संशोधकांना पाचव्या गुणसूत्रावर सापडलं. तिथल्या ‘एनएसडी-१’ या जनुकापासून एक प्रथिन तयार होतं. पेशीतला डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. एनएसडी-१चं प्रथिन या हिस्टोनांवर रासायनिक खुणा करतं आणि कोणत्या जनुकाने किती काम करायचं, हे ठरायला त्या खुणांची मदत होते. या जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. त्यांतली एक बिघडली की प्रथिन अपुरं पडतं आणि इतर अनेक जनुकांचा तोल ढळतो. तो सर्व मुलांमध्ये साधारण एकाच रीतीने ढळतो, म्हणून चेहरेही सारखे होतात.

सुमारे ९५ टक्के मुलांमध्ये हा बदल नव्यानेच झालेला असतो. आईवडिलांमध्ये तो नसतो. तेव्हा आईच्या खाण्यापिण्यावर, ग्रहणावर किंवा तिच्या माहेरावर बोट ठेवण्यात काहीच अर्थ नाही.

आता आपल्या वर्गात येऊ. उंच मुलाला आपण मागच्या बाकावर बसवतो. सहा वर्षांचं मूल नऊ वर्षांचं दिसलं, तर नकळत नऊ वर्षांच्या समजुतीची अपेक्षा करतो. ते रडलं की म्हणतो, “एवढा मोठा झालास, शोभतं का?” खरं तर ते सहाच वर्षांचं असतं आणि त्याचं बोलणं त्याहूनही लहान असू शकतं. शिकण्यातली अडचण काहींना थोडी, तर काहींना बरीच असते. चेहरे सारखे असले, तरी प्रत्येकाची कुवत वेगळी असते.

प्रत्येक उंच मुलाला सोटोस सिंड्रोम नसतो. निदान डॉक्टरांनी जनुकीय तपासणी करून करायचं. आपण मात्र अपेक्षा ठरवताना मुलाची उंची पाहू नये, हजेरीपटावरची जन्मतारीख पाहावी. आणि त्याला पुढच्या बाकावर, आपल्याजवळ बसवावं.