बॉल पायथन : नर की मादी?

आपल्याकडचे साप पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, म्हणून हे अमेरिका-युरोपात पाळल्या जाणाऱ्या बॉल पायथनबद्दल.

नराची दोन जननेंद्रियं शेपटीच्या बुडाशी आत वळलेली असतात. बोथट टोकाची, वंगण लावलेली बारीक सळई अवस्कराच्या (मल-मूत्र-प्रजननाच्या सामाईक द्वाराच्या) फटीतून शेपटीकडे अलगद सरकवली, की नरात ती साधारण ८-१० खवले आत जाते, मादीत २-४. अडली की थांबायचं! जोर लावला तर आतला नाजूक भाग फाटतो. सापाने स्नायू आवळले तर नरही मादी वाटतो. त्यामुळे हे अनुभवी पशुवैद्याच्या हाताखालीच शिकावं. फटीशेजारच्या नख्यांवर विसंबू नका, त्या दोघांनाही असतात.

मला सर्वांत आवडते ती टाकलेल्या कातेची डीएनए चाचणी. सापाला हातही लावावा लागत नाही.