लिथुआनियाचे हवाई दल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लिथुआनियाच्या हवाई दलाकडे हवाई संरक्षणासाठी स्वतःचे एकही लढाऊ विमान नाही. त्यामुळे या देशाला लष्करी विमानांची परंपराच नाही, असे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात १९१८ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केल्यावर वर्षभरातच, १९१९ च्या प्रारंभी, कौनासला लष्करी विमान पथक उभे राहिले आणि वैमानिकांची शाळाही सुरू झाली.

‘विमाने होती, पण सगळी विकतची,’ हा दुसरा समज. फ्रेंच देव्वातिन आणि ब्रिटिश ग्लॅडिएटर ही लढाऊ विमाने विकत घेतलेली होती, हे खरे. पण टेहळणीची आणि प्रशिक्षणाची बरीच विमाने कौनासच्या लष्करी कार्यशाळेतच तयार होत. त्यांचा रचनाकार अंतानास गुस्ताइतिस हा त्याच शाळेत शिकलेला वैमानिक. त्याचे पहिले विमान, एकच माणूस बसेल एवढे छोटे ‘अनबो-१’, १९२५ मध्ये उडाले. ‘अंतानासला हवेत राहायचे आहे’ या अर्थाच्या लिथुआनियन शब्दांची आद्याक्षरे जोडून ‘अनबो’ हे नाव झाल्याचे सांगितले जाते. १९३२ मध्ये आलेल्या ‘अनबो-४’चा पंख धडाच्या वर, तिरक्या दांड्यांवर पेललेला होता. १९३४ च्या उन्हाळ्यात अशी तीन विमाने घेऊन गुस्ताइतिस युरोपच्या दौऱ्यावर निघाला आणि १२ राजधान्या गाठत सुमारे १०,००० किलोमीटर उडून परतला. छोट्या देशाच्या कार्यशाळेला याहून चांगले प्रशस्तिपत्र मिळणे कठीण.

सर्वांत प्रसिद्ध असलेले ‘लितुआनिका’ मात्र लिथुआनियात बनलेले नव्हते आणि लष्कराचेही नव्हते. ते अमेरिकी बेलांका कंपनीचे जुने विमान. अमेरिकेतील लिथुआनियन स्थलांतरितांनी वर्गणी काढून त्याचा खर्च उभा केला. १५ जुलै १९३३ रोजी स्तेपोनास दारियुस आणि स्तासिस गिरेनास न्यूयॉर्कहून कौनासकडे निघाले. अटलांटिक ओलांडून ६,४११ किलोमीटर आल्यावर विमान तेव्हाच्या जर्मनीतील सोल्दीनजवळच्या जंगलात कोसळले आणि दोघेही दगावले. ते जर्मनांनी पाडले, ही समजूत अजून टिकून आहे. तपासात गोळीबाराचा पुरावा सापडला नाही. खराब हवामान आणि इंजिनातील बिघाड ही कारणे पुढे आली. विमानाचे अवशेष कौनासच्या युद्धसंग्रहालयात आहेत.

ही परंपरा आपोआप विझली नाही, ती तोडली गेली. जून १९४० मध्ये सोव्हिएत सैन्य देशात घुसले आणि हवाई दल संपुष्टात आले. गुस्ताइतिसला १९४१ मध्ये अटक झाली आणि त्याच वर्षी मॉस्कोत गोळ्या घालण्यात आल्या. स्वातंत्र्य परत मिळाल्यावर पन्नास वर्षांच्या खंडानंतर सुरुवात जवळजवळ शून्यातून करावी लागली. आज दलाकडे मुख्यतः इटालियन स्पार्टन मालवाहू विमाने आणि हेलिकॉप्टर आहेत. चार ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरांचा करार २०२० मध्ये झाला. जेमतेम २९ लाख वस्तीच्या देशाला लढाऊ विमानांचा ताफा पोसणे परवडणारे नाही.

म्हणून आकाश मोकळे सोडलेले आहे, असेही नाही. २९ मार्च २००४ रोजी लिथुआनिया नाटोत आला आणि लगेच बेल्जियमची चार एफ-१६ विमाने शौलैच्या तळावर उतरली. तेव्हापासून सदस्य देश आळीपाळीने ही राखण करतात.

या विमानांनी उड्डाण केले, की ‘रशियाने हद्द ओलांडली’ असा अर्थ लावला जातो. बहुतेक वेळा तसे नसते. कालिनिनग्राद हा रशियाचा प्रदेश उरलेल्या रशियाला जमिनीने जोडलेला नाही, म्हणून रशियन लष्करी विमाने बाल्टिक समुद्रावरील आंतरराष्ट्रीय हवाई क्षेत्रातून ये-जा करतात. अनेकदा त्यांचा ट्रान्सपाँडर, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणारे यंत्र, बंद असतो, उड्डाणाचा आराखडा दिलेला नसतो आणि नागरी हवाई वाहतूक नियंत्रणाशी संपर्कही नसतो. अशा विमानाजवळ जाऊन ते कोणते आहे हे डोळ्यांनी पाहणे आणि सोबत उडत राहणे, एवढेच नाटोच्या वैमानिकाचे काम असते. त्यासाठी शौलैतील सज्ज विमानांची जोडी आदेश मिळाल्यापासून १५ मिनिटांत हवेत असावी लागते.