संदर्भ म्हणजे माहितीचा पत्ता

समजा, पंचगंगेच्या पुरावरील एका शालेय प्रकल्पात असे वाक्य आहे : ‘राजाराम बंधाऱ्याजवळ पाण्याची पातळी ४१ फूट होती.’ आणि खाली लिहिले आहे, ‘संदर्भ : इंटरनेट’. हे विधान खरे की खोटे?

आपल्याला ते ठरवताच येणार नाही. या बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, तर धोका पातळी ४३ फूट मानतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले होते. पावसाळ्यात पातळी तासातासाला बदलते. त्यामुळे ४१ फूट ही नोंद कोणी आणि केव्हा केली, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

संदर्भ देऊन आपण मूळ लेखकाचे श्रेय मान्य करतो. पण विज्ञानात त्याचे आणखी एक काम असते. वाचणाऱ्याला आपले विधान स्वतः पडताळून पाहता आले पाहिजे. छापील पुस्तकाबाबत हे सोपे असते, कारण एकाच आवृत्तीची कोल्हापुरातली आणि पुण्यातली प्रत सारखीच असते. संकेतस्थळावरचे पान मात्र बदलते, जागा सोडते, कधी नाहीसेही होते. हार्वर्ड विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतील सुमारे निम्मे दुवे मूळ मजकुरापर्यंत पोहोचत नव्हते!

मग काय लिहावे? लेखकाचे किंवा संस्थेचे नाव, लेखाचे शीर्षक, संकेतस्थळाचे नाव, प्रसिद्धीची तारीख, त्या पानाचा पूर्ण पत्ता आणि आपण ते पाहिल्याची तारीख. पाणीपातळीसारख्या नोंदीला वेळही हवी. नुसते ‘गुगल’ लिहिणे म्हणजे पुस्तकाऐवजी ग्रंथपालाचे नाव लिहिणे होय.

प्रसिद्धीची तारीख आणि पाहिल्याची तारीख यांत गल्लत करू नये. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. जुन्या खंडातील नोंद आज पडद्यावर वाचली, तरी तिच्यातील लोकसंख्येचा आकडा त्या काळचाच असतो.

जिथे कायमचा पत्ता मिळतो तिथे तोच द्यावा. अनेक शोधनिबंधांना ‘डीओआय’ हा ओळख क्रमांक असतो. लेख दुसऱ्या संकेतस्थळावर गेला तरी क्रमांक तोच राहतो. शिवाजी विद्यापीठाचे अनेक प्रबंध ‘शोधगंगा’वर आहेत. तिथेही प्रत्येक प्रबंधाला स्थिर पत्ता आहे. विकिपीडियावर लेखाच्या ‘इतिहासा’त जुन्या आवृत्त्या सापडतात. आपण वाचलेल्या नेमक्या आवृत्तीचा दुवा घ्यावा. इतर पानांची प्रत ‘इंटरनेट आर्काइव्ह’मध्ये जतन करता येते.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. जे स्वतः उघडून वाचले नाही, त्याचा संदर्भ देऊ नये. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या लेखांची नावे देतात, म्हणून आज हे पथ्य अधिकच महत्त्वाचे झाले आहे.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. विद्यार्थ्यांना एकमेकांचे प्रकल्प बदलून द्या आणि केवळ संदर्भाच्या आधारे मूळ माहिती शोधायला सांगा. जी सापडणार नाही, तिचा संदर्भ पुन्हा लिहायला लावा.