तंबोरा घ्यावा, तो कोणता?

परभणीसारख्या गांवीं एखादी मुलगी गाणें शिकूं लागते. पेटीच्या सुरावर आरंभींचे अलंकार बसतात, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या पहिल्या एकदोन परीक्षाही होतात, आणि मग एके दिवशीं गुरुजी सांगतात, "आतां घरीं तंबोरा हवा." त्या रात्रीं घरांत हिशेब सुरू होतो. वडील म्हणतात, साधा घेऊं. आई म्हणते, एकदांच घ्यावयाचा तर उत्तम घ्यावा. थोरला भाऊ म्हणतो, विजेची पेटी आणली कीं काम झालें. तिघांच्याही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु निर्णय करण्यापूर्वीं, आपला पैसा वाद्याच्या कोणत्या अंगांत जातो हें समजून घेतलें पाहिजे.

महाराष्ट्रांत तंबोरा म्हटला कीं मिरज आठवते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेब यांनीं हें काम हातीं घेतलें. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. तलवारींचे दिवस सरले तेव्हां तेच कसबी हात तारांच्या वाद्यांकडे वळले, आणि पुढील पिढ्यांनीं तो धंदा चालविला. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळालें. मात्र मानांकनानें वाद्य कोठलें हें कळतें. हातांत घेतलेला नग कसा आहे हें कानानेंच ठरवावें लागतें. परभणीहून परळी, लातूर, पंढरपूर असा लोहमार्ग मिरजेस जातो, म्हणून तेथें जाऊन वाद्य निवडणें मराठवाड्यांतील माणसास अवघड नाहीं. वाटेवरच्या पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागांतच तंबोऱ्याचे मोठे कडू भोपळे पिकतात.

तंबोऱ्याचीं अंगें दोन प्रकारचीं मानावीं: नाद देणारीं आणि शोभा देणारीं. भोपळा, त्यावरील लांकडी तबली, पोकळ दांडी, तारा जिच्यावरून जातात ती घोडी आणि खुंट्या हीं पहिल्या प्रकारचीं. कांठावरील नक्षी, वेलबुट्टी, कोरीव पानें, चकचकीत रोगण हीं दुसऱ्या प्रकारचीं. एकाच कारागिराच्या दोन तंबोऱ्यांच्या किंमतींत मोठें अंतर दिसतें, तेव्हां त्यांतील बराच भाग नक्षीच्या मजुरीचा असूं शकतो. नक्षी सुंदर असते, पण ती गात नाहीं. उलट तून वृक्षाचें लांकूड पुरतें वाळलेलें नसेल, किंवा भोपळा पातळ व सांधलेला असेल, तर तेथें वांचविलेला पैसा पुढें दुरुस्तींत जातो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट तर डोळ्यांना दिसतही नाहीं. ती म्हणजे जवारी. घोडीचा माथा सपाट भासला तरी त्याला अगदीं सूक्ष्म उतार दिलेला असतो. कंप पावणारी तार त्या उतारास हलकेच स्पर्शत राहते, आणि तारेखालीं सरकविलेल्या सुताच्या धाग्यानें तो स्पर्श नेमका साधतां येतो. त्यामुळें मूळ सुराबरोबर वरचे अनेक सूर उमलतात. साध्या तारेंत, जेथें ती छेडावी तेथें ज्यांचा स्थिरबिंदु येतो ते वरचे सूर उमटत नाहींत; तंबोऱ्यांत तेही उमटतात, हें चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं दाखवून दिलें. खर्जाच्या तारेंतून कोणी न छेडलेला गांधार ऐकूं येतो, त्यालाच गवई स्वयंभू गांधार म्हणतात. शिकणाऱ्या मुलीचा कान याच गांधारावर तयार व्हावयाचा असतो. जवारी मात्र वापरानें झिजते व पुन्हां काढून घेतां येते. म्हणून चांगली जवारी काढलेला साधा तंबोरा, जवारी मेलेल्या नक्षीदार तंबोऱ्याहून केव्हांही सरस.

हाच प्रश्न पाश्चात्त्य देशांतील वादकांनाही पडतो. अमेरिकेंतील फेंडर कंपनीनें १९५४ सालीं स्ट्रॅटोकॅस्टर नांवाची विजेची गिटार काढली. १९८२ पासून तिचीच स्वस्त आवृत्ति स्क्वायर या नांवानें निघूं लागली. आकार तोच, पण लांकूड, विद्युत् भाग व हातकाम यांत फरक. तेथील जाणतेही नवशिक्यास हेंच सांगतात, कीं नांवापेक्षां दांडी सरळ आहे काय, सूर टिकतो काय, हें आधीं पाहावें.

मोठा तो चांगला, हाही एक भ्रम आहे. काळी एकच्या पट्टींत गाणाऱ्या पुरुषास लांब दांडीचा मर्दानी तंबोरा लागतो. काळी चारच्या आसपास गाणाऱ्या मुलीस आंखूड दांडीचा जनानी. महागडा मर्दानी तंबोरा मुलीच्या पट्टींत चढविला तर तारा तुटतात, आणि नादही कोंडतो.

राहिली विजेची पेटी. ती १९७९ सालीं बंगळुरांत प्रथम तयार झाली. आतां तर खिशांतल्या फोनांतही तंबोरा वाजतो. प्रवासांत किंवा पहांटेच्या एकट्या रियाजास ती खरोखर उपयोगी आहे, आणि तूर्त पैसा नसेल तर तिच्यावर अभ्यास चालवावा, त्यांत कमीपणा नाहीं. पण ती सुरांत आयती लागलेली मिळते. पंचम, जोड आणि खर्ज स्वतः लावतांना कानाला जें शिक्षण मिळतें, तें तिच्यापासून मिळत नाहीं.

दुकानांत गेल्यावर डोळा दांडीला लावून ती सरळ आहे कीं नाहीं तें पाहावें. भोपळ्यावर बोटानें हलकेच टिचकी मारावी. चिरेचा आवाज लपत नाहीं. तारा लावून पाव तास थांबावें व खुंट्या सरकतात काय हें तपासावें. मुलीला बरोबर न्यावें आणि तिच्याच पट्टींत वाद्य लावून घ्यावें. परभणीचा उन्हाळा चाळीस अंशांपलीकडे जातो. कच्चें लांकूड त्यांत आकसतें आणि सांधे उकलतात. यासाठीं तंबोरा उन्हाच्या भिंतीशीं किंवा कूलरच्या ओल्या झोतांत ठेवूं नये, गवसणींत ठेवावा, आणि प्रवासांत तारा सैल कराव्या.

तेव्हां वडिलांचें "साधा" आणि आईचें "उत्तम" यांत खरा विरोध नाहीं. नक्षींत साधा व नादांत उत्तम असा तंबोरा मिळतो; मागणाऱ्यास तो मागतां आला पाहिजे. कारागिरास "स्वस्तांतला दाखवा" असें म्हणूं नये; "नक्षी नको, लांकूड व जवारी चांगली द्या" असें म्हणावें. त्याच्या हातांतील खऱ्या विद्येचें मोल त्याला मिळतें, आणि घरीं आलेल्या तंबोऱ्यांतून मुलीला तो न छेडलेला गांधार एके दिवशीं स्वतःच ऐकूं येतो.