मायफळ घडवतं कोण?

लोणी काळभोरच्या शिवारात ओक शोधून सापडायचा नाही. बाळगुटीच्या डब्यात मात्र त्याचा एक अवशेष हमखास असतो: मायफळ. (गुटी द्यावी की नाही, हा वाद इथे नको.) सहाणेवर उगाळतात ते हे टेंगळांचं, टणक बोंड मुळात फळच नाही. तुर्कस्तान, सीरिया, इराणकडच्या ओकच्या कळीत गांधीलमाशीच्या कुळातला काही मिलिमीटरांचा कीटक अंडं घालतो आणि अळीभोवती झाड ही गाठ वाढवतं. पेशी झाडाच्या असल्या तरी आराखडा माशीचाच मानावा लागतो. कुणी म्हणेल, जखम झाली की झाडाला गाठ यायचीच, त्यात माशीचं कसलं कर्तृत्व? पण तसं असतं तर एका झाडावरच्या सगळ्या गाठी सारख्याच दिसल्या असत्या. प्रत्यक्षात एकाच ओकवर एक जात गुळगुळीत गोळी घडवते, दुसरी केसाळ गुंडी, तिसरी पानामागे चपटी टिकली. जाणकार बरेचदा माशी न बघता नुसत्या गाठीवरून तिची जात सांगतात. मांसातल्या अळ्या माश्यांच्या अंड्यांतून येतात, हे १६६८ मध्ये प्रयोगाने दाखवणारा इटलीचा फ्रान्चेस्को रेडीसुद्धा इथे फसला. गाठीतली अळी झाडच जन्माला घालतं, असं त्याला वाटलं. १६७९ मध्ये मार्चेल्लो माल्पिगीने ते श्रेय अंडं घालणाऱ्या माशीकडे वळवलं. आपल्या उंबराच्या पानांवरचे फोडही कीटकाचीच करणी, फक्त तो गांधीलमाशीच्या कुळातला नव्हे.

आराखड्याचा खरा पुरावा मायफळाच्या तुरटपणात आहे. त्याच्या वजनाचा निम्मा किंवा त्याहून जास्त भाग टॅनिनचा असतो. हिराकशीशी त्याचा संयोग झाला की काळी शाई होते. पानं खाणाऱ्यांना दूर ठेवायला ओक जे टॅनिन बनवतो, तेच इथे अळीभोवतीच्या भिंतीत साठतं. अळीला लागून असलेला थर मात्र मऊ, पौष्टिक आणि टॅनिन कमी असलेला. झाड केवळ स्वतःचा बचाव करत असतं, तर तुरटपणा अळीच्या तोंडाशी हवा होता. मग ही भिंत अभेद्य का नाही? परजीवी माश्या तिच्यात सुईसारखी नळी खुपसून अंडी घालतात आणि अनेक गाठींतून मूळ मालकाऐवजी त्याच बाहेर पडतात. हे खरंच आहे, पण दरवडा पडतो म्हणून भिंत कुणी बांधलीच नाही असं होत नाही. शिवाय भोक पडलेलं, म्हणजे माशी निघून गेलेलं मायफळ फिकट, हलकं आणि कमी तुरट असतं. शाई-रंगाचे जुने व्यापारी त्यामुळे माशी आत असतानाच तोडलेला निळसर, जड माल जास्त भावाने घेत.