जुना ट्रॅक्टर, खोटे वर्णन आणि कायद्याची दाद

बैल खरेदी करताना आमचा शेतकरी सहसा फसत नाही. तो दात पाहतो, खूर उचलून पाहतो, जनावर जुंपून पाहतो आणि मगच रुमालाखाली बोटे धरून सौदा करतो. बैलाच्या वयाची साक्ष त्याच्या दातांत असते. ट्रॅक्टरास दात नाहीत. त्याचे वय नोंदणीपत्रात असते, आणि त्याने किती तास काम केले हे दाखविणारा मीटर मागे फिरविता येतो. असे असूनही चार-पाच लाखांचा जुना ट्रॅक्टर अगर जुनी मोटार केवळ तोंडच्या शब्दावर घेणारे लोक पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते.

आमच्या एका सभासदाने कळविलेली हकीकत अशी : त्याने जुन्या वाहनांच्या एका व्यापाऱ्याकडून 4 लाख 10 हजार रुपयांस ट्रॅक्टर घेतला. ‘2019 सालचा, एकाच मालकाच्या हातचा, कर्ज नाही’ असे व्यापाऱ्याने मोबाईलवरील संदेशात लिहिले होते. नोंदणीपत्र मात्र मागाहून देतो म्हणाला. महिन्याने कागद हाती आले तेव्हा ट्रॅक्टर 2014 सालचा, तिसऱ्या मालकाचा आणि बँकेचा बोजा असलेला निघाला. जाब विचारता, ‘पाहून घेतलात, आता आमचा संबंध नाही,’ एवढेच उत्तर मिळाले. रब्बीची पेरणी तोंडावर आलेली. तरी काय करावे, असे सदर सभासद विचारतात.

व्यापाऱ्याचे म्हणणे सर्वस्वी खोटे आहे असे नाही, आणि येथेच पुष्कळांची गफलत होते. मालविक्री कायदा, 1930 याच्या कलम 16 अन्वये मालाच्या गुणवत्तेची हमी विक्रेत्यावर सरसकट पडत नाही. क्लच झिजलेला आहे किंवा इंजिन तेल पिते, ही गोष्ट जुन्या यंत्राच्या बाबतीत घेणाऱ्यानेच पारखावयाची असते. परंतु त्याच कायद्याचे कलम 15 निराळे आहे. वर्णन करून माल विकला असेल, तर तो वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे, ही अट कायदाच त्या व्यवहारात घालतो. साल, मालकांची संख्या ही वर्णने होत. बोजाविषयी तर कलम 14 स्वतंत्रपणे बोलते. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘जसा आहे तसा’ छापलेले असते, त्याने आमच्या मते झिजलेला क्लच झाकला जाईल. पाच वर्षांचे खोटे झाकले जाणार नाही.

म्हणून अशा भांडणात सारी मदार विक्रेत्याने काय सांगितले होते याच्या पुराव्यावर असते. आमच्या सभासदाजवळ तो संदेश शिल्लक आहे, हे त्याचे भाग्य. तो पुसू नये, त्याची छापील प्रत काढावी. जाहिरात, पावती, बँकेतून पैसे गेल्याची नोंद, परिवहन कार्यालयातील नोंदीचा उतारा हे सर्व एकत्र ठेवावे. दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी जाणत्या मिस्त्रीकडून यंत्राची लेखी तपासणी करून घ्यावी. एकदा इंजिन उघडले म्हणजे आधी काय होते, हे सिद्ध करणे कठीण जाते. नंतर पोचपावतीसह टपालाने नोटीस द्यावी.

आता दाद कोठे मागावयाची? विक्रेता व्यापारी असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. शेजारच्या शेतकऱ्याने आपला घरचा ट्रॅक्टर विकला असेल तर तो व्यापारी नव्हे. तेथे दिवाणी न्यायालय हाच मार्ग. आयोगाकडे तक्रार स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात करता येते, वकील दिलाच पाहिजे असे नाही, आणि दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असल्यास फी पडत नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांची. निकाल 3 महिन्यांत, व मालाची तपासणी करावी लागल्यास 5 महिन्यांत व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात यापेक्षा अधिक काळ लागतो, हे वाचकांनी धरूनच चालावे.

एक हरकत व्यापारी हटकून घेतात : ट्रॅक्टर धंद्यासाठी घेतला, सबब घेणारा ग्राहक नव्हे. स्वतः राबून पोट भरण्यापुरते साधन घेणारास कायद्याने या अपवादातून वगळले आहे. आपल्या रानात तो चालविणारास भीती नाही. चार ट्रॅक्टर चाकरांकरवी भाड्याने फिरविणाराची गोष्ट वेगळी. तक्रारीत हे पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहावे.

फसवणुकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली नोंदविता येतो. परंतु फौजदारी खटल्याने पैसे लवकर परत येतील ही आशा फोल आहे. शिवाय 1 एप्रिल 2023 पासून जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यास परिवहन खात्याचे अधिकारपत्र घ्यावे लागते. ते याच्याजवळ आहे काय, याची चौकशी आमच्या सभासदाने अवश्य करावी.

राहिला पेरणीचा प्रश्न. तोपर्यंत हा ट्रॅक्टर रानात घालावा काय? पैसे परत मागावयाचे असतील तर घालू नये. माल स्वीकारून आपलासा करून वापरला, तर कलम 13 प्रमाणे सौदा मोडण्याचा हक्क सामान्यतः उरत नाही, केवळ नुकसानभरपाई मागता येते. बोजा नसता, तर ट्रॅक्टर ठेवून किमतीतील फरक मागावा असे आम्ही सुचविले असते. पण बँकेचे कर्ज थकलेले असल्यास ती उद्या ट्रॅक्टर ओढून नेऊ शकेल. तेव्हा तो उभा ठेवावा, नोटिशीत परत घेऊन जाण्यास सांगावे, आणि यंदाची पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने उरकून त्या भाड्याच्या पावत्या तक्रारीस जोडाव्यात.